जावयाला कोण सांगणार

जवाहरनगर,
अधिक महिना, शनिवार

प्रिय योगेंद्र,

हे पत्र घेऊन आलेले जागेश्वरभाऊ आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहतात. लाखांदूरला त्यांची सासुरवाडी आहे. आधी दिघोरीला येऊन तुझ्या हातात देतो आणि मग पुढं जातो म्हणाले. त्यांना चहा पाज, दोन गोष्टी कर, आणि ते गेल्यावरच हे वाच. आईसमोर उघडू नकोस. फोन काहून नाही केला म्हणशील. फोनवर तू 'हो ताई, हो ताई' करतोस आणि माझा राग अर्ध्यातच विरघळतो. यावेळी मला शेवटपर्यंत बोलायचं आहे आणि तुला मध्ये हो म्हणू द्यायचं नाही. बोलते तसंच लिहिणार होते, पण कागदावर हात शाळेतल्या मराठीवर जातो. राग वाढला की आपली बोली आपोआप येईल.

इकडं सगळे बरे आहेत. सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी सुटून बरेच दिवस झाले, आता त्यांना भिंतीवरची जाळी, माझ्या भाजीतलं तेल, सगळं स्वच्छ दिसतं आणि त्या सांगतातही. मामाजींच्या रिटायरमेंटची चर्चा रोज रात्रीच्या जेवणात असते. क्वार्टर सोडून भंडाऱ्यात घर घ्यावं की गावी जावं यावर त्यांचं आणि सासूबाईंचं जमत नाही. फॅक्टरीच्या बसचा आवाज ऐकल्याशिवाय त्यांना सकाळ झाली असं वाटत नाही, गावी गेल्यावर काय करतील कोण जाणे. तुझे भाऊजी मजेत आहेत. अगदी मजेत आहेत, तेच तर सांगायचं आहे.

आपण काम काय करतो ते एकदा साध्या शब्दांत लिहून बघते, कारण मीटिंगमध्ये ते मोठमोठ्या शब्दांखाली दबून जातं. हॉलंडमध्ये काही लोकांना तोंडानं खाता येत नाही. पोटात नळी बसवलेली असते, तिच्यातून पातळ अन्न द्यावं लागतं. त्या अन्नाच्या पिशव्या दर आठवड्याला त्यांच्या घरी पोचवायच्या. गोदाम तिकडचं, गाड्या तिकडच्या, आणि कोणत्या घरी गाडी कधी जाणार ते ठरवणारे आपण. इंगे तिथं हॉलंडमध्ये, आपल्या सगळ्यांची प्रमुख. लिझेल फिलिपिन्समध्ये, समुद्राकाठच्या तिच्या गावी. मी आणि तुझे भाऊजी या क्वार्टरच्या मागच्या खोलीत. आणि तू दिघोरीला, धानाच्या कोठीवरच्या माडीवर. मी या कामात एकटी लागले होते. नागपूरची कंपनी बंद पडली तेव्हा तुझ्या भाऊजींना मी आणलं, आणि नंतर तुला. लोकांना अभिमानानं सांगायची मी, आमच्या घरातले तिघं एका टीममध्ये आहेत म्हणून. आता त्याच वाक्याची शिसारी येते.

तुला इंगेचा माझ्यावरचा पहिला राग आठवतो? तू तेव्हा टीममध्ये नव्हतास, पण मी तुला फोनवर रडत सांगितलं होतं. सगळ्यांसमोर ती म्हणाली, रिता, हे काम निष्काळजी आहे, पुन्हा कर. बस. ना प्रस्तावना, ना मलम. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, सासूबाईंना वाटलं माहेरचं कोणी गेलं. दुसऱ्या दिवशी तीच इंगे हसत विचारते, तुमच्याकडचे आंबे पिकले का. मी दोन दिवस तोंड फुगवून होते आणि तिला पत्ताच नव्हता. पुढं मला ते आवडायला लागलं. चूक कामाची होती, माझी नव्हती, आणि ती तिथंच संपली. आपल्याकडं चूक दाखवली की माणूस पडतो, म्हणून आपण दाखवत नाही. दाखवायची असलीच तर लहानाची दाखवतो, सुनेची दाखवतो. जावयाची कधीच नाही.

जावयाचं तर तुला मी काय सांगावं. आमचं लग्न झालं त्या वर्षीचा पावसाळा आठव. हे पहिल्यांदाच रोवण्याच्या दिवसांत दिघोरीला आले होते आणि उत्साहात कोणाला न विचारता धानाच्या बांधीचं पाणी काढून दिलं. आदल्याच दिवशी बाबांनी खत टाकलेलं. सगळं खत पाण्यासोबत शेजारच्या मधुकररावांच्या बांधीत गेलं. बाबा काय म्हणाले? म्हणाले, बरं झालं जवाईबापू, पाणी जास्तच झालतं. दुसऱ्या दिवशी हे झोपेत असताना तू आणि बाबांनी पुन्हा खत टाकलं. आई डोक्यावरचा पदर सावरत यांच्यासाठी पोहे करत होती. यांना आजतागायत माहीत नाही. आपल्या घरात तो विनोद झाला, मधुकररावांचं धान त्या वर्षी कसं तरारलं म्हणून आपण सगळे हसायचो. बाबांचं तुलाराम हे नाव अख्खं गाव सरळ बोलणारा माणूस म्हणून घेतं, आणि तोच माणूस जावयासमोर खाटेवर बसत नाही.

आता एप्रिलचं. तुला सगळं पाठ आहे, तरी वाच. सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी मी सुट्टीवर होते. माझं गाड्यांचं कॅलेंडर भरायचं काम तुझ्या भाऊजींकडं आलं. तिकडं राजाच्या वाढदिवसाची सुट्टी होती, त्या दिवशी गाड्या बंद. अशा वेळी त्या दिवसाची गाडी आधी पाठवायची असते, कारण पोट सुट्टी घेत नाही. यांनी ती पुढच्या दिवसांवर ढकलली. मी यांना ओळखते, यांना त्यात काही वावगं वाटलंच नसणार. फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेला माणूस. इथं सुट्टीच्या दिवसाचं काम सुट्टीनंतर होतं, गॅस सिलिंडरपासून पगारापर्यंत सगळं. जाताना मी यांना म्हटलं होतं, काही अडलं तर योगेंद्रला विचारा. साळ्याला विचारतील हे? मीच खुळी.

तू ते तपासायला होतास आणि तू ते पाहिलंस. बंद झालेलं कॅलेंडर पुन्हा उघडायचं तर कोणाचं काय चुकलं ते नावानिशी लिहावं लागतं, आणि ते इंगेपासून लिझेलपर्यंत सगळ्यांना दिसतं. तू ते लिहिलं नाहीस. तू काय लिहिलंस ते मी नंतर यांच्या फोनवर वाचलं. 'भाऊजी, वेळ मिळाला तर एकदा सहज नजर टाकून घ्या ना.' काहून रे, सहज काहून? कोणाच्या पोटात अन्न जाणार नाही आणि तू म्हणतोस सहज. यांनी अंगठा पाठवला आणि जेवायला बसले. तूही ओके केलंस. तुझं ओके पाहून लिझेलनं विश्वासानं शेवटचं बटण दाबलं आणि गाड्यांची यादी गेली. सुट्टीच्या दिवशी काही घरी पिशव्याच नव्हत्या. एका म्हाताऱ्या बाईला दवाखान्यात न्यावं लागलं. ती वाचली, घरी परत आली, म्हणून आज मी तुला पत्र तरी लिहू शकते आहे.

मी कामावर परत आले तेव्हा सगळं संपलेलं होतं. लिझेलच्या हातून मोठी चूक झाली, तिचा करार महिनाअखेरीला संपवणार, असं मला कळलं. कळलं म्हणजे तुझ्या भाऊजींनी चहा पिता पिता सांगितलं. बिचारी, म्हणाले, चांगली होती पोट्टी. मला पटेना. लिझेल दर गोष्ट परत परत बघणारी आहे. कंपनीत मीटिंगचं रेकॉर्डिंग ठेवतात, सुट्टीवरच्या माणसानं बघावं म्हणून. मी बघितलं.

योगेंद्र, तुझा चेहरा मी तू रांगत होतास तेव्हापासून बघते. इंगे विचारते, तारीख कोणी बदलली. ती पुन्हा विचारते, आवाज न चढवता, जशी ती विचारते तशी. तुझ्या नावाभोवती हिरवी चौकट उजळली. म्हणजे तू माईक उघडलास. तुझे ओठ हलले. मग तुझी नजर बाजूच्या चौकटीकडं गेली, जिथं तुझे भाऊजी मूग गिळून बसले होते, आणि हिरवी चौकट विझली. त्याच क्षणी लिझेल म्हणाली, सॉरी, मला माफ करा, फार वाईट झालं. इंगेनं मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं, आणि मीटिंग पुढच्या विषयावर गेली. मी तेवढा तुकडा परत परत लावला. तुझ्या भाऊजींचा चेहराही बघितला. लिझेल सॉरी म्हणाली तेव्हा ते खुर्चीत जरा सैल झाले. तेवढंच. मी लॅपटॉप मिटला आणि उठून मोरीवर तोंड धुवायला गेले.

इंगेचाही मला तेव्हा तितकाच राग आला होता. ही माणसं स्वतःला सरळ म्हणवतात. तोंडातून जे निघालं तेच खरं असं धरून चालतात. सॉरी म्हणजे कबुली, गप्प म्हणजे निर्दोष, झालं काम. लिझेलनं मला केव्हाच सांगितलं होतं, की त्यांच्या घरात वातावरण तापलं की कोणीतरी सॉरी म्हणून ते थंड करतं, मग चूक कोणाचीही असो. इंगेनं तिच्यासोबत इतकी वर्षं काम केलं आणि तिला एकदा विचारावंसं वाटलं नाही, की बाई, कशासाठी सॉरी? वर कळवायला एक नाव हवं होतं, नाव मिळालं.

मी रेकॉर्डिंग तुझ्या भाऊजींना दाखवलं. शांतपणे दाखवलं. म्हटलं, तारीख तुम्ही बदलली न? ते म्हणाले, योगेंद्रनं तपासलं होतं न, त्यानं ओके केलं होतं. हे त्यांच्या तोंडचं पहिलं वाक्य. ज्याच्यावर तू पांघरूण घातलंस, त्याला तुझं नाव घ्यायला श्वास घ्यायचाही वेळ लागला नाही. मी म्हटलं, इंगेला सांगा. तर म्हणाले, साळ्यासमोर, बायकोसमोर माझी इज्जत काढते का तू? आणि शर्ट घालून बाहेर गेले. येताना सासूबाईंसाठी जिलेबी आणली. मला दोन दिवस यांच्या ताटात वाढताना हात जड व्हायचा. नवऱ्याची किळस येते हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

आणि मग त्या प्रकरणानंतर कंपनीनं तो माणूस आणला, तुला आठवत असेल, वेगवेगळ्या देशांतली माणसं एकत्र काम कशी करतात ते शिकवणारा. त्याच्याकडं रंगीत खांबांचे तक्ते होते. वरिष्ठांना मान देण्याचा भारताचा खांब उंच, हॉलंडचा बुटका. फिलिपिन्सची माणसं दुसऱ्याचं मन दुखवत नाहीत. भारतीय माणूस वरिष्ठाला नाही म्हणू शकत नाही. तुझे भाऊजी त्या दिवशी सगळ्यांत जास्त बोलले. आमची संस्कृतीच अशी आहे, आम्ही टीमला कुटुंब मानतो, असं छाती फुगवून म्हणाले, आणि तो माणूस खूश झाला, इंगेनं लिहून घेतलं. तू मान डोलावत होतास. मला वाटलं लॅपटॉप उचलून अंगणात फेकावा. अरे, तू वरिष्ठाला घाबरलास का? वरिष्ठ इंगे होती, आणि तिच्या तोंडावर तू खोटा गप्प बसलास. तू घाबरलास ते तुझ्याच बरोबरीनं काम करणाऱ्या, तुझ्याहून कमी काम येणाऱ्या माणसाला, कारण त्यानं माझ्या गळ्यात मंगळसूत्र बांधलं आहे. त्या माणसाच्या तक्त्यात जावयाचा खांब नव्हता. असता तर छत फोडून बाहेर गेला असता. आणि आपलेच लोक त्या तक्त्याआड लपतात, आमची संस्कृती आहे म्हणतात, याचा मला वीट आला आहे. लपवाछपवीला संस्कृती म्हटलं की ती धुतली जाते काय?

तरी तोपर्यंत मला वाटत होतं, की तू गप्प राहिलास एवढंच. भित्रा आहे माझा भाऊ, लहानपणापासून आहे, शाळेत कोणी डबा खाल्ला तरी सांगायचा नाही. मग मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. धोंड्याचं जेवण करायचं आहे, जवाईबापूंना घेऊन ये. अनारशांचं पीठ भिजवलं आहे, बाबांनी चांदीचा दिवा आणून ठेवला आहे. आणि मग हळू आवाजात म्हणाली, जवाईबापूंना म्हणावं मनावर घेऊ नका, आपल्या योगेंद्रनं सांभाळून घेतलं न. ते विदेशी पोट्टी जाऊन राहिली न, आपल्या घरचं तर कोणी नाही न गेलं. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. माडीवरून अंगणापर्यंत सगळ्यांना. माझी आई, जी दारात आलेल्या अनोळखी माणसाला पाण्यासोबत गूळ दिल्याशिवाय जाऊ देत नाही, ती असं बोलली. सांभाळून घेतलं या शब्दावर मी अडकले. गप्प बसण्याला कोणी सांभाळून घेणं म्हणत नाही. सांभाळून घ्यायला काहीतरी करावं लागतं.

म्हणून मी लिझेलला फोन लावला. कामाच्या मीटिंगवर नाही, तिच्या स्वतःच्या नंबरवर. ती मला अते म्हणते, तिच्या भाषेत अते म्हणजे ताई. तिच्या मागं नेहमीसारखा कोंबडा आरवत होता आणि तिची लहान मुलगी कॅमेऱ्यात बोट घालत होती. आमचं एरवी किती जमायचं तुला माहीत आहे. तिच्याकडंही भात आणि मासळी, मी तिला आपल्या तलावातल्या झिंग्यांचे फोटो पाठवायची, ती सुक्या मासळीचे. त्या दिवशी ती आखाती देशात जायची कागदपत्रं गोळा करत होती. तिची मोठी बहीण तिथं दुसऱ्यांची मुलं सांभाळते, स्वतःचं लेकरू आईकडं ठेवून. लिझेलला ते नको होतं, म्हणून तर तिनं हे घरबसल्याचं काम धरलं होतं. आता तीही मुलीला आईकडं ठेवून जाणार होती. हे तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं, जशी मी सासूबाईंच्या डोळ्याची बातमी सांगते. मी विचारलं, चूक तुझी नव्हती, मग सॉरी का म्हणालीस? ती आधी हसली, टाळलं तिनं. मी सोडलं नाही. मग म्हणाली, अते, तुझा भाऊ फार घाबरला होता. त्यानं मीटिंगआधी मला फोन केला. म्हणाला, तो माझ्या बहिणीचा नवरा आहे, त्याचं नाव आलं तर तो राग बहिणीवर काढेल, तिचं घर आहे. तू काही बोलली नाहीस तर माझ्या ताईचा संसार राहील. अते, मलाही बहीण आहे. मी कशी नाही म्हणणार?

मी फोन ठेवला आणि पलंगावर बसून राहिले. सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या.

तुझ्या भाऊजींनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. कधी घराबाहेर काढायची गोष्ट केली नाही. आळशी आहेत, फुशारकी मारतात, जिलेबी आणतात. माझ्या संसाराला काय धोका होता, योगेंद्र? तू मला विचारलंस का एकदा तरी? कॅलेंडरमध्ये खरं लिहायला तुझा हात उठला नाही, मीटिंगमध्ये तुझं तोंड उघडलं नाही, आणि एका परक्या पोरीच्या दारात जाऊन तिची भाकरी मागायला मात्र तुझी जीभ चालली. तीही माझ्या नावानं. मले लाज वाटून राहिली, बाप्पा, की तिनं मला ताई म्हणावं आणि तिच्या लेकराची आई माझ्या नावावर दूर जावी. तुला वाटलं असेल तू बहिणीसाठी केलंस. तू जावयासाठी केलंस आणि बिल बहिणीच्या नावावर फाडलंस. आणि सगळ्यांत वाईट काय तर ती समजली. इंगेला तू हेच सांगितलं असतंस तर तिला त्यातला एक शब्द कळला नसता, ती म्हणाली असती, याचा गाड्यांशी काय संबंध? लिझेलला कळलं, कारण तिच्याही घरात माणसं अशीच एकमेकांची लाज झाकतात. तुला माहीत होतं तिला कळेल. आपल्यासारख्या माणसाचा चांगुलपणा कुठं असतो ते तुला बरोबर ठाऊक होतं, आणि तिथंच तू हात घातलास. याला काय म्हणू? मला तुझी घाण वाटली. लहान भावाबद्दल हे वाक्य लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

लिझेलनं मला शपथ घातली होती, की हे कोणाला सांगू नकोस. मी ती मोडली. गुरुवारी इंगेला फोन करून सगळं सांगितलं. तारीख कोणी बदलली, कोणाला दिसलं, कोणी कोणाला काय मागितलं. माझ्या तोडक्या इंग्रजीत जावई म्हणजे काय ते सांगायला फार वेळ गेला. शेवटी मी म्हटलं, आमच्याकडं या माणसाला तो चुकला असं कोणी सांगत नाही. इंगेनं ते वाक्य मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं आणि लिहून घेतलं. मग शुक्रवारी तिनं तुझ्या भाऊजींना बोलावून विचारलं. हे कॅमेऱ्यासमोर बसले आणि डोळे मोठे करून म्हणाले, मला तर कोणी सांगितलंच नाही, माझ्या हातून असं झालं हे मला आत्ता कळतंय, फार वाईट वाटतं. आणि बघ, ते खोटंही नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं त्यांना. बांधीतल्या पाण्याचंही नाही, गाड्यांचंही नाही. कोणी सांगणारच नाही याची खात्री असली की माणसाला न कळणं फार सोपं जातं. इंगे म्हणाली, चूक कोणाच्याही हातून होते, कमलेश, मोकळेपणानं बोललास म्हणून आभार. हे खोलीबाहेर आले ते हसत. संध्याकाळी मला विचारलं, दिघोरीला माझं नाव तर नाही न कळवणार तू?

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. लिझेल राहते आहे. इंगेनं तिला खडसावलं आणि तिची माफीही मागितली, तिची कागदपत्रं कपाटात गेली. तुझे भाऊजीही राहताहेत. तू राहत नाहीस. इंगे म्हणाली, ज्याच्या हातून चुकलं त्याला मी शिकवू शकते, पण ज्यानं पाहिलं, लपवलं आणि दुसऱ्याकडून खोटं बोलून घेतलं त्याच्यासोबत मी काम करू शकत नाही. सोमवारी दुपारी तुला तिचा फोन येईल, तो येण्याआधी माझ्याकडून तुला कळावं म्हणून लिहिलं. तिनं मला विचारलं होतं, तो तुझा भाऊ आहे, तुला काही सांगायचं आहे का. मी शब्द टाकला असता तर कदाचित ऐकलं असतं तिनं. मी टाकला नाही. माझ्या नावानं, मला न विचारता जे मागितलं गेलं ते मी परत केलं, आणि ते तुझ्या ताटातून गेलं हे मला किती दुखतं ते लिहीत नाही, तू ओळखशील. घरी विचारतील, पोराची नोकरी कशी गेली. जावयाचं नाव तुझ्या तोंडून अजूनही निघणार नाही, हे मला माहीत आहे. माझं सांग. मुलीचं नाव घ्यायला आपल्या घरात कोणाला जड जात नाही.

तुझीच ताई, अजूनही,
रिता